चौकट नाकारणारी चित्रकथा

कॉमिक्स आणि चित्रकला यांच्या नात्याची चर्चा निघाली की अभ्यासक थेट अमेरिकेत जातात. रॉय लिख्टेनस्टाइनचे ‘व्हाम!’ हे १९६३ चे चित्र युद्धकथांच्या एका कॉमिकमधून उचललेले. मूळ चौकट काढली होती आयर्व्ह नोव्हिक या पगारी चित्रकाराने. लंडनच्या टेट संग्रहालयाने ‘व्हाम!’ १९६६ साली विकत घेतले. लिख्टेनस्टाइनच्याच ‘मास्टरपीस’ला २०१७ साली साडेसोळा कोटी डॉलर मिळाले. पगारी माणसाची रेघ श्रीमंताच्या भिंतीवर पोचली, माणूस मात्र खालीच राहिला. याला प्रभाव म्हणायचे की उचल?

आमच्याकडे हा प्रवास उलट्या दिशेने झाला. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. गोंडांच्या बडादेवापुढे बाना वाजवून वंशगाथा गाणारी ही जमात. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला जो गोंड समाज लोटतो, त्याच समाजाची स्मृती या जमातीने गळ्यात सांभाळली. मध्य प्रदेशातील पाटणगढच्या जनगढसिंह श्यामने ती गाथा कागदावर आणली. ऐंशीच्या दशकात स्वामीनाथनांनी त्याला भोपाळच्या भारत भवनात नेले, १९८९ साली त्याची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात लागली, आणि २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करीत असताना त्याने जीवन संपविले. पुढे २०१० साली त्याचे एक चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात एकतीस हजारांहून अधिक डॉलरांना गेले. संग्राहकाचे प्रेम असे उशिरा येते.

व्याम दांपत्याची ‘भीमायन’ ही चित्रकथा नवयान प्रकाशनाने २०११ साली काढली. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. साताऱ्याहून गोरेगावला निघालेला तहानलेला पोरगा, १९१७ चे बडोदे, १९३४ चा दौलताबादचा किल्ला हे प्रसंग आपल्याला पाठ आहेत. नवे आहे ते मांडण्यात. पात्रांना चौकटीत कोंडायचे नाही, त्यांचा श्वास गुदमरतो, असे या दोघांनी निक्षून सांगितले. म्हणून पान विभागले जाते ते दिग्न्याच्या वळणांनी. दिग्ना म्हणजे परधान बायका सारवलेल्या भिंतीवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी. आगगाडी सर्प होते, किल्ला हिंस्र जनावर होतो. ज्यांना गावाने चौकटीबाहेर ठेवले त्यांची कथा चौकटीविना सांगणे, हा निव्वळ शैलीचा प्रश्न नव्हे.

याच्याशेजारी १९७९ ची अमर चित्रकथेची ‘बाबासाहेब आंबेडकर’ ठेवून पाहावी. राम-कृष्णांसाठी घडवलेल्या सुबक चौकटींतच बाबासाहेबांना बसविले आहे. तरीही मी तिला तुच्छ लेखणार नाही. माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. जुन्या बाजारातून आणलेली तिची प्रत ते चित्रांवर बोट ठेवून ‘वाचत’. आमच्या घरचा कलासंग्रह म्हणजे ती पुस्तिका आणि दीक्षाभूमीवरून आणलेली दोन कॅलेंडरे.

परंतु ‘भीमायन’बद्दल माझे दोन आक्षेप आहेत. पहिला नावाबद्दल. ज्यांनी ‘रिडल्स’ लिहिले त्यांचे चरित्र रामायणाच्या वजनावर का तोलावे? दुसरा अधिक गंभीर आहे. या पुस्तकात सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते आणि विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. कल्पना विलक्षण आहे, आणि टांगेवाल्यांच्या, धर्मशाळेवाल्यांच्या त्या काळाला ती शोभतेही. पण आज विंचू पक्ष्याच्या फुग्यातून बोलतो. एका ठिकाणी मुलाखतीला गेलो असता चहा पुढे करून अत्यंत गोड आवाजात मला विचारले गेले, “सर, हे आडनाव मूळचंच का?” त्या वाक्याला कोणता फुगा काढायचा? चित्रकथेने खैरलांजीचा उल्लेख केला आहे. ते गाव आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले. तिथली २००६ ची नांगी सगळ्यांना दिसली. रोजची दिसत नाही, आणि ती दिसेल असा फुगा या चित्रभाषेत अजून आलेला नाही.

तरीही आदिवासी हाताने भीमाची कथा काढली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्या तालुक्यात गोंडटोला आणि बौद्धवाडा यांच्यात हाकेचे अंतर असते, पण मनाने ती हाक क्वचितच ओलांडली जाते. मी ‘भीमायन’ वर्गात नेले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलांनी मजकूर वाचायला घेतला. मागच्या बाकावरची एक गोंड मुलगी मात्र पानाच्या कडेची नक्षी पाहत राहिली. असले आपली आजी काढते, म्हणाली. मग भीम कोण, हे तिने शेजारणीला विचारले. शेजारीण आमच्या वस्तीतली. तास संपला तरी दोघी उठल्या नव्हत्या. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. वेष्टन निघाले आहे असे ऐकतो. संग्राहकाच्या लेखी त्या प्रतीची आता किंमत नाही.