‘मासेमारी नाय करत, गळाला जातो’

समजा, तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात आणि विषय घेतलात ‘एकट्याने, हौसेखातर केली जाणारी मासेमारी’. संदर्भ शोधायला लागलात की पहिल्या तासाभरात एक नाव हाती लागणारच: हॉब्सन ब्रायन, १९७७. ‘जर्नल ऑफ लेझर रिसर्च’मधला ट्राउट मासे पकडणाऱ्यांवरचा त्याचा लेख. तो वगळून या क्षेत्रात पुढे जाता येत नाही. मीही वाचला, भारावले, त्यावरून प्रश्नावली केली आणि वरोरला जाऊन तोंडावर आपटले. तेव्हा आज त्या लेखाचं परीक्षण, आणि त्याचं बोट धरून चाललेल्या माझ्या प्रश्नावलीचंही.

आधी लेखाचं श्रेय त्याला देऊ. नदीवर गळ टाकून बसलेले सगळे लोक एकसारखे नसतात, हे ब्रायनने नीट मांडलं. त्याने त्यांचे चार प्रकार केले. अधूनमधून येणारा. मग नियमित येणारा, पण कुठल्याही पद्धतीने मासा धरणारा. तिसरा विशिष्ट तंत्राचाच आग्रह धरणारा. आणि चौथा, तंत्रही ठरलेलं आणि पाणीही ठरलेलं. या शिडीवर माणूस जसा वर जातो तसं त्याचं साहित्य बदलतं, सोबतीचा गोतावळा बदलतो आणि किती मासे मिळाले याचं महत्त्व कमी होत जातं. वरच्या पायरीवरचा माणूस पकडलेला मासा बरेचदा पाण्यात सोडून देतो. संरक्षित पाण्याचं व्यवस्थापन करणाऱ्यांना याचा उपयोग झाला, कारण ‘मासेमारांना काय हवंय’ असा एकच प्रश्न विचारून भागणार नाही हे त्यांना कळलं. मुळात हा लेख निरीक्षणातून आलाय, खुर्चीत बसून सुचलेला नाही. म्हणूनच तो टिकला.

आता वरोर. वाणगाव स्टेशनला उतरायचं, चिंचणीच्या बाजूने समुद्राकडे जायचं. वाढवणच्या शेजारचं गाव. मासेमारी आहे, बागायत आहे, आणि बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेला एक धंदा आहे, डाय करण्याचा. सोन्याच्या दागिन्यांची नक्षी ज्या पोलादी साच्यावर ठोकून उठवतात तो साचा म्हणजे डाय. किनाऱ्यावरच्या या चार-पाच गावांत घराघरांत हे काम चालतं. पोलादाच्या छोट्याशा ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, मान खाली, डोळा एका ठिकाणी.

अशाच एका डायवाल्या काकांना मी माझा पहिला प्रश्न विचारला, “काका, तुम्ही मासेमारी करता का?”

“नाय. आम्ही डाय करतो.”

मी ‘नाही’वर खूण केली. प्रश्नावलीचा नियम असा की ‘नाही’ आलं की थेट शेवटच्या पानावर जायचं: वय, शिक्षण, आभार. सात मिनिटांत मुलाखत संपली. संध्याकाळी किनाऱ्यावर गेले तर हेच काका खडकावर एकटे, हातात प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, शेजारी डब्यात कोलंबीचं आमिष.

“काका, सकाळी तर म्हणालात मासेमारी करत नाही!”

“ही काय मासेमारी? मासेमारी बोटवाले करतात. मी गळाला आलोय.”

‘मासेमारी’ हा शब्द आपल्या पुस्तकी मराठीत हौशी, व्यावसायिक, एकटा, समूह सगळ्यांना पुरतो. त्या गावात तो पुरत नाही. तिथे मासेमारी म्हणजे बोट, जाळं, तांडेल, बर्फ, डिझेल. गळाला जाणं हे वेगळं काम आहे, किंबहुना कामच नाही. माझ्या प्रश्नावलीने ज्याला शोधायचं होतं त्यालाच पहिल्या ओळीत दाराबाहेर काढलं. पायलटला गाईड एवढं महत्त्व का देतात, हे मला त्या खडकावर समजलं.

दुसऱ्या दिवशी ब्रायनची शिडी काकांना लावून पाहिली. साहित्य? तंगूस, शिशाचा तुकडा, एक गळ. म्हणजे सगळ्यात खालची पायरी. ज्ञान? कुठल्या खडकाच्या कुठल्या बाजूला, भरती किती चढल्यावर, पाणी किती गढूळ असताना शिंगाळी लागेल, हे ते न बघता सांगतात. म्हणजे सगळ्यात वरची. मासा सोडतात का? हा प्रश्न विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते नोंदवायला लिकर्ट मापपट्टीत जागा नाही. पुढच्या संशोधकांनी वर्तन, कौशल्य आणि बांधिलकी वेगवेगळी मोजायला घेतली, त्यामुळे यातली पहिली अडचण थोडी सुटते. दुसरी सुटत नाही. शिडीच्या वरच्या टोकाला मासा न खाणारा माणूस बसवलाय. प्रावीण्य वाढत जाईल तसा मासा ताटापासून दूर जाईल, हे तिथे गृहीत आहे. ज्याच्या घरी मासा हे रोजचं जेवण आहे तो कितीही निष्णात झाला तरी या शिडीवर अर्ध्यातच थांबणार. तंत्राचं मोजमाप म्हणून जे पुढे केलंय त्यात एका विशिष्ट समाजाची चव मिसळलेली आहे.

पण थांबा, लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. ‘छंद ही श्रीमंतांची कल्पना, गावात सगळं पोटासाठीच’ असं लिहिण्याचा मोह मलाही झाला होता. दोन परिच्छेद लिहूनही झाले होते. ते खोटे होते. काकांना विचारलं, एकटेच का येता? आधी म्हणाले, “दोघं आले की तंगूस गुंततो.” मग थोड्या वेळाने, मी काही न विचारता, म्हणाले, “दिवसभर नजर इतक्याशा जागेत असते. इथं लांब बघता येतं.” याला विरंगुळा नाही तर काय म्हणायचं? रात्री त्याच विरंगुळ्याचं कालवणही होतं. दोन्ही खरं आहे, एकाच तासात.

आता हा एक तास आपण कुठे नोंदवतो ते बघा. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये हौशी मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार ज्यातून माणसाची पोषणाची मुख्य गरज भागत नाही आणि जे मासे साधारणपणे विकले जात नाहीत किंवा ज्यांची देवघेव होत नाही, ती मासेमारी हौशी. काकांचं घर डायवर चालतं, ते मासे विकत नाहीत. म्हणजे हौशी. (शेजारी दोन शिंगाळ्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तिकडून चिकू आले, तर ती देवघेव धरायची का? तुम्हीच ठरवा.) आपल्या देशात २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. त्याच्या वर्गीकरणात घरच्या वापरासाठी मासे धरणं हे ‘स्वतःच्या वापरासाठी उत्पादन’, फुरसत नव्हे. म्हणजे तोच माणूस, तोच तास, आता उत्पादक. आणि महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा उघडलात तर तो मुख्यतः नौका, त्यांची नोंदणी आणि परवाने यांच्याभोवती फिरतो. खडकावर उभ्या माणसाला तिथे फारशी जागा नाही.

मला या व्याख्या चुकीच्या वाटत नाहीत. प्रत्येक व्याख्या कुठल्या तरी कामासाठी केलेली आहे. चूक आपण करतो, एका कामासाठी केलेली व्याख्या उचलून दुसऱ्या कामाला लावतो आणि प्रबंधात त्याबद्दल एक ओळही लिहीत नाही.

वरोरला ही ओळ न लिहिणं महागात पडू शकतं. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. त्याला वर्षानुवर्षं विरोध होत आलाय, त्यात मच्छीमारांबरोबर डायवालेही आहेत. अशा ठिकाणी ‘बाधित कोण’ हा प्रश्न येतो तेव्हा बोटीचा क्रमांक, सोसायटीचं सभासदत्व असले कागद असलेला माणूस निदान रांगेत उभा राहू शकतो. खडकावरच्या माणसाकडे कागद नाही. उद्या कुणी तुमचा प्रबंध उघडला आणि त्यात तो ‘हौशी’ म्हणून सापडला, तर ‘छंदच होता, दुसरीकडे जाऊन करेल’ हे वाक्य तुम्ही लिहिलेलं नसलं तरी तुमच्या आधारावर लिहिलं जाईल.

अर्थशास्त्रवाल्यांचीही इथे पंचाईत आहे. विरंगुळ्याच्या जागेचं मोल काढायला प्रवासखर्चाची पद्धत वापरतात. तिची कल्पना हॉटेलिंग यांनी १९४७ च्या एका पत्रात मांडली होती. लोक कुठून कुठून येतात, किती खर्च करतात, त्यावरून मागणीची रेषा काढायची. पण सगळेच घरून पाच मिनिटं चालत येत असतील तर खर्चात फरक उरत नाही, आणि फरक नसेल तर रेषाच काढता येत नाही. मोल शून्य आहे असं नव्हे. ते या पद्धतीला दिसत नाही. हा भेद व्हायव्हात विचारतात, तयारीत राहा.

आणि बायका? माझ्या नमुन्यात एकही नव्हती. त्या ओहोटीला खडकांवर जातात, कालवं काढतात, चिंबोऱ्या धरतात, बहुधा दोघी-चौघी मिळून. त्यांच्या हसण्या-बोलण्याचा आवाज लांबवर येतो. पण पुरुष एकटा गळ टाकून बसला की मी ‘विरंगुळा’ लिहिलं आणि बायका टोपली घेऊन वाकल्या की ‘घरकाम’. असं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘एकट्याने’ आणि ‘हौसेखातर’ हे शब्द विषयाच्या शीर्षकात ठेवले तेव्हाच बायका नमुन्यातून बाहेर पडल्या होत्या.

मग मी काय बदललं? पहिला प्रश्न काढून टाकला. आता विचारते, “गेल्या आठ दिवसांत पाण्यावर किंवा खडकावर कधी गेलात? काय आणलंत? त्याचं काय झालं?” हौस की गरज हे उत्तर देणाऱ्याकडून वदवून घ्यायचं नाही. ते विश्लेषणाचं काम आहे, आपलं.

दुसरा बदल वेळापत्रकात. मी निरीक्षणासाठी दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात अशी वेळ ठरवली होती, गाडीच्या सोयीने. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास. एका रविवारी पाचला पाणी खडकाला लागलेलं असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला ओहोटी. एकाआड एक रविवार जाणाऱ्याला तर बराच काळ जवळपास एकच समुद्र दिसत राहील आणि तो ‘इथे गळाला कुणी येत नाही’ असा निष्कर्ष पूर्ण प्रामाणिकपणे काढेल. जुन्या लोकांचा ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या आसपास. आता माझ्या वहीत तारखेशेजारी तिथी असते, आणि उधाण की भांग तेही.

हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवशी निघताना काकांना म्हटलं, पुढच्या रविवारी याच वेळेला इथेच भेटू. ते तंगूस गुंडाळत होते.

“ये,” म्हणाले, “पण मी नसेन. आणि पाणी पण नसेल.”