निळूभाऊंचा पाटील आणि आजचा चरित्र अभिनय

मराठीत चरित्र अभिनेत्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. दुष्काळ होता आणि आहे तो त्यांच्या ताकदीच्या भूमिकांचा. निळू फुले यांची कारकीर्द या दृष्टीने पुन्हा तपासायला हवी. १३ जुलै २००९ रोजी ते गेले. त्यानंतर नकलाकारांनी त्यांना एका घोगऱ्या आवाजात आणि बेरकी नजरेत कोंडून टाकलं. एवढ्या मोठ्या नटाची आठवण एवढीच उरावी, हा आपल्या रसिकतेचा पराभव आहे.

पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा माणूस घडला तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. गावोगावी, उघड्या मंचावर, समोरच्या गर्दीचा कल ओळखत काम करायचं, हीच त्यांची नाट्यशाळा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळवून दिलं आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा त्यांना पडद्यावर घेऊन आला. पुढे ग्रामीण चित्रपटाचा ठरीव साचा त्यांच्यावर बसला: वाडा, बैठक, तमासगीर बाई आणि तिच्यावर डोळा ठेवणारा पाटील. अशा चित्रपटांतल्या अनेक भूमिका आज कुणाला आठवणारही नाहीत.

तरीही त्या साच्यात त्यांनी केलेलं काम बारकाईने पाहण्याजोगं आहे. त्यांचा खलनायक आरडाओरडा करत नाही. डोळे अर्धवट मिटलेले, आवाज खालच्या पट्टीत, बोलणं संथ. आपल्याला घाई करायची गरज नाही, गाव आपलंच आहे, हा निर्ढावलेपणा ते नुसत्या बसण्यातून दाखवत. पुढाऱ्यांची टर उडवणाऱ्या कलापथकातून आलेल्या नटाने सत्ता खालून पाहिली होती. म्हणून त्यांचा पाटील भोगणाऱ्याच्या नजरेतून घडला आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना तो इतका खरा वाटला, की त्या प्रत्यक्ष निळूभाऊंनाच शिव्या घालत.

त्याच पाटलाला विजय तेंडुलकरांची लेखणी मिळाली तेव्हा काय घडलं, हे ‘सामना’त दिसतं. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पोचला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील बेवड्या मास्तरला घरी आणतो, त्याला खाऊपिऊ घालतो, आपलं साम्राज्य अभिमानाने दाखवतो. मास्तर मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो. श्रीराम लागूंच्या बोलक्या, अस्वस्थ मास्तरसमोर निळूभाऊ हिंदुरावाचं आतिथ्य हळूहळू भीतीत बदलत नेतात. दुष्ट माणसातला एकाकीपणा दाखवूनही ते त्याला माफी मिळू देत नाहीत.

चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये हाच नट पत्रकार दिगू टिपणीस झाला. सत्तेच्या खुर्चीतून उठून तो सत्तेच्या साक्षीदाराच्या जागी उभा राहिला. शेवटचं त्याचं वेडसर हसणं पाहताना पाटलाची आठवणही होत नाही. रंगभूमीवर त्यांनी १९७२ मध्येच ‘सखाराम बाइंडर’ उभा केला होता. टाकलेल्या बायकांना घरात आणून त्यांच्यावर हुकमत गाजवणारा हा माणूस त्यांनी रांगडा आणि आपल्यापरीने प्रामाणिक केला, म्हणूनच तो प्रेक्षकांना सोसवला नाही. हिंदीत महेश भट्ट यांच्या ‘सारांश’मधला (१९८४) गजानन चित्रे एवढी एक भूमिकाही त्यांचा वकूब सांगायला पुरेशी आहे.

आज चित्र काय आहे? चित्रपटात आशेला जागा आहे. ‘फँड्री’त (२०१३) किशोर कदमांनी कचरूचं वाकलेलं शरीर आणि गिळलेला अपमान उभा केला. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) चळवळीतल्या वीरा साथीदारांनी लोकशाहीर नारायण कांबळे साकारला. छाया कदम वर्षानुवर्षं दुय्यम भूमिका करत ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’पर्यंत पोचल्या आणि त्या चित्रपटाने २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळवला. या तिन्ही ठिकाणी लेखक-दिग्दर्शकाला नायकाइतकंच भोवतालच्या माणसांबद्दल कुतूहल होतं.

मालिकांमध्ये नेमकं हेच कुतूहल हरवलं आहे. तिथे मुरलेल्या नटाच्या वाट्याला सासरा, काका, वकील अशी नाती येतात, माणसं येत नाहीत. रोजचा भाग रोज उरकायचा असल्याने भूमिका मुरायला वेळ नाही. व्यावसायिक नाटक ओळखीच्या चेहऱ्यावर चालतं. एकांकिका स्पर्धांतून आजही गुणी मुलं येतात, पण कलापथकांनी दिली तशी गावोगावच्या प्रेक्षकासमोरची तालीम त्यांना मिळत नाही.

निळूभाऊंना मनाजोग्या भूमिका मोजक्याच मिळाल्या आणि तेवढ्यांवर ते मराठीतल्या श्रेष्ठ नटांत जाऊन बसले. बाकीच्या ढीगभर चित्रपटांत आपण त्यांना वाया घालवलं. लेखक, निर्मात्यांनी हाताशी असलेल्या पन्नाशी-साठीतल्या नटांबाबत तीच चूक करू नये. त्यांच्यासाठी माणसं लिहावीत. आणि वाचकांनी ‘सामना’ व ‘सिंहासन’ लागोपाठ पाहावेत. निळूभाऊंची नक्कल करणाऱ्यांनी तर आवर्जून.