भेदभाव नसेल तर अडथळाही नाही? – जिंदाल स्टेनलेस निकालाची चिकित्सा

आंतरराज्य व्यापार या प्रकरणाचा अभ्यास विद्यार्थी सहसा केंद्रसूचीतील ४२व्या नोंदीपासून सुरू करतात. या नोंदीने हा विषय संसदेकडे दिला आहे. पण भारतीय घटनेचे वेगळेपण या नोंदीत नसून तेराव्या भागात, म्हणजे अनुच्छेद ३०१ ते ३०७ मध्ये आहे. अमेरिकेच्या घटनेत काँग्रेसला व्यापार नियंत्रित करण्याचा अधिकार दिलेला आहे. त्यातून राज्यांवर कोणती बंधने येतात, हे तेथील न्यायालयाने पुढे निकालांतून ठरवले. आपल्याकडे अनुच्छेद ३०१ स्पष्ट शब्दांत सांगतो की भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र व्यापार, वाणिज्य व व्यवहारसंबंध मुक्त असतील. ही मुक्तता संसद आणि विधानमंडळे दोघांनाही बांधते.

प्रश्न असा की कर हा या मुक्ततेवरचा निर्बंध मानायचा का?

पहिले महत्त्वाचे उत्तर अतियाबारी टी कंपनीच्या खटल्यात आले. कलकत्त्याच्या बाजारात जाणारा चहा आसामातील रस्त्यांवरून व जलमार्गांवरून नेला जाई, आणि अशा वाहतुकीवर आसामने १९५४च्या कायद्याने कर बसवला होता. बहुमताचा निकाल न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे होते की मालाच्या हालचालीवर थेट व तात्काळ परिणाम करणारा कर अनुच्छेद ३०१च्या कक्षेत येतो; राज्याला तो हवाच असेल तर अनुच्छेद ३०४(ब) नुसार विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी घ्यावी आणि निर्बंध वाजवी व लोकहिताचा असल्याचे दाखवावे. सरन्यायाधीश सिन्हा यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते निव्वळ महसुलासाठीचा कर या भागाबाहेरच राहतो.

दोनच वर्षांत, १९६२ साली, ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट खटल्यात न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी एक पळवाट काढली. रस्ते, पूल यांसारख्या सोयींच्या मोबदल्यात घेतलेला कर ‘भरपाईवजा’ मानायचा आणि तो अनुच्छेद ३०१ला बाधक समजायचा नाही. घटनेत हा शब्द कुठेही नाही. पुढे १९९५-९६च्या निकालांत कर आणि सोय यांच्यात ‘काहीतरी संबंध’ असला तरी पुरे, इतकी ती कसोटी सैल झाली. राज्ये कोणत्याही प्रवेशकराला भरपाईचा मुलामा देऊ लागली.

जिंदाल स्टेनलेस विरुद्ध हरियाणा या खटल्यात ११ नोव्हेंबर २०१६ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध २ मतांनी ही कल्पना मोडीत काढली. हे योग्यच झाले, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. अडचण पुढच्या पायरीत आहे. बहुमताने सिन्हांची भूमिका जवळजवळ पूर्ण स्वीकारली: राज्याचा कर केवळ कर म्हणून अनुच्छेद ३०१चा भंग करीत नाही, परराज्यातून आलेल्या मालाविरुद्ध अनुच्छेद ३०४(अ) मोडणारा भेदभाव असेल तरच करतो. अनुच्छेद ३०४(ब) आता फक्त करेतर निर्बंधांपुरता उरला.

आधी मजकूर पाहू. अनुच्छेद ३०४ची सुरुवातच ‘अनुच्छेद ३०१ किंवा ३०३ मध्ये काहीही असले तरी’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते आणि लगेच खंड (अ) करांबद्दल बोलतो. साधे कर मुळात ३०१च्या बाहेर असतील, तर करासाठी हा अपवाद कशाला लिहिला? जी बंदीच नाही, तिच्यातून सूट देण्याची तसदी घटनाकार घेत नाहीत. बहुमताचे या प्रश्नाला दिलेले उत्तर मला पटत नाही.

मजकुराहून परिणाम गंभीर आहे. आसामचेच उदाहरण पुन्हा घ्या. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या सर्व चहावर, तो आसामचा असो वा बाहेरचा, राज्याने सारखाच कर लावला, तर भेदभाव शून्य. पण लागोपाठच्या तीन राज्यांनी असेच केले, तर एकच माल तीनदा कर भरेल आणि शेजारच्या मळ्यातला माल एकदाच. प्रत्येक कायदा एकेकटा निर्दोष असला, तरी एकत्र मिळून ते व्यापाराची भिंत उभी करतात. भेदभावाच्या कसोटीला ही भिंत दिसतच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालच्या कम्प्लीट ऑटो खटल्यात भेदभावाखेरीज कराची राज्यांमधील वाटणी न्याय्य आहे का, हेही तपासले. घटनेत व्यापारमुक्तीचा शब्द नसताना त्यांनी ते केले. शब्द असून आपण सोडून दिले.

शिवाय उरलेली एकमेव कसोटीही भक्कम ठेवलेली नाही. स्थानिक उद्योगांना मर्यादित काळासाठी, वैरभावाशिवाय दिलेल्या करसवलती म्हणजे भेदभाव नव्हे, असे याच निकालात मान्य झाले. मागास भागांसाठी हे समजण्यासारखे आहे. पण ‘वैरभाव’ मोजायचा कसा?

बहुमताचा खरा आधार राज्यांची वित्तीय स्वायत्तता हा आहे, आणि तो क्षुल्लक नाही. पूर्वमंजुरी म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारची मंजुरी, हा आक्षेप खरा आहे. तरी इतिहास पाहा: अतियाबारीत हरल्यावर आसामने १९६१ साली राष्ट्रपतींच्या मंजुरीने नवा कायदा केला आणि खैरबारी टी कंपनीच्या खटल्यात तो टिकला. म्हणजे राज्याचा कर बुडाला नव्हता. तो लोकहिताचा आणि वाजवी आहे की नाही, एवढेच न्यायालयाने पाहिले. जिंदालनंतर ते पाहण्याची जागाच उरली नाही.

वस्तू व सेवा कर आल्याने हा वाद इतिहासजमा झाला, असे वर्गात अनेकदा ऐकू येते. १०१व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२वी नोंद गेली, १ जुलै २०१७ पासून मुंबईतली जकातही संपली, हे खरे. पण मद्य राज्यांच्या करकक्षेत राहिले, पेट्रोल-डिझेलही अद्याप तिथेच आहे. आणि ५६वी नोंद, म्हणजे रस्त्याने वा अंतर्देशीय जलमार्गाने नेलेल्या माल व प्रवाशांवरचा कर, दुरुस्तीने काढलेली नाही. आसामच्या १९५४च्या कायद्याचा आधार हीच नोंद होती. तसाच कायदा एखाद्या राज्याने उद्या पुन्हा केला, तर तक्रारदाराला भेदभाव दाखवावा लागेल. कराचा बोजा अवाजवी आहे हे कितीही सिद्ध केले, तरी तेराव्या भागाखाली त्याला दाद नाही. अनुच्छेद ३०७ने असे प्रश्न पाहण्यासाठी प्राधिकरण नेमण्याची मुभा संसदेला दिली आहे. ते आजवर नेमलेले नाही.