सहिष्णुता, समता आणि जोतीरावांचे कुटुंब

हा देश मुळातच सहिष्णू आहे, हे विधान आपल्याकडे इतक्यांदा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. क्रमिक पुस्तकांतून, परिसंवादांतून, गौरवसमारंभांतून ते कानी पडते. युरोपात धर्माच्या नावाने माणसे जाळली गेली, आमच्याकडे मात्र षड्दर्शने सुखाने नांदली, अशी त्याची मांडणी असते. प्रस्तुत लेखात हे विधान तपासायचे आहे आणि त्यासाठी दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवायचे आहेत. एक, इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे १६८९ साली प्रसिद्ध झालेले सहिष्णुतेविषयीचे पत्र. दुसरा, महात्मा जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. ते १८९१ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘सहिष्णुता’ हा शब्द ‘सह्’ या धातूपासून आला. युरोपीय भाषांतील शब्दाचे लॅटिन मूळही सोसणे याच अर्थाचे आहे. म्हणजे सहिष्णुतेत दोन पक्ष गृहीतच आहेत : एक सोसणारा आणि दुसरा, ज्याला सोसून घेतले जाते तो. पहिल्याच्या हाती न सोसण्याची सत्ता असते. म्हणून तर त्याच्या सोसण्याला सद्गुण म्हटले जाते. ज्याच्या हाती सत्ताच नाही त्याच्या सोसण्याला कोणी सहिष्णुता म्हणत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जे सोसले त्याला कर्म म्हटले गेले, नशीब म्हटले गेले, पायरीने राहणे म्हटले गेले. सहिष्णुतेच्या गौरवगाथेत त्याच्या सोसण्याची नोंद नाही.

युरोपची नोंद मात्र रक्ताने लिहिलेली आहे, हे खरे. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनीव्हात मायकेल सर्व्हिटस याला जिवंत जाळण्यात आले. ईश्वराचे त्रैक्य तो मानत नव्हता, हा त्याच्यावरील मुख्य आरोप. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की जाळणारे रोमच्या पोपचे लोक नव्हते, तर पोपविरुद्ध बंड केलेले प्रॉटेस्टंट होते. बंडखोरही सत्ता हाती येताच नको असलेल्या विचारासाठी चिता रचतो, हा धडा युरोपला तेव्हाच मिळाला. दुसऱ्याच वर्षी, १५५४ साली, सेबास्टियन कास्टेलिओ या पंडिताने पाखंड्यांना देहदंड देण्याविरुद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये १५९८ च्या नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना काही हक्क मिळाले आणि १६८५ साली चौदाव्या लुईने ते काढून घेतले. लॉकने आपले पत्र लिहिले ते याच सुमारास, हॉलंडमध्ये परागंदा असताना.

लॉकचा युक्तिवाद सरळ आहे. राज्यसंस्थेचे काम माणसाचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांचे रक्षण करणे हे आहे. त्याच्या आत्म्याचा उद्धार करणे हे नव्हे. बळजबरीने ढोंग निर्माण होते, श्रद्धा नव्हे. आणि तिसरा मुद्दा, जो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा : चर्च ही स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांची संस्था आहे. कोणीही माणूस चर्चचा सभासद म्हणून जन्माला येत नाही. पटले तर तो आत जातो, न पटले तर बाहेर पडतो.

या पत्राला मर्यादा आहेत. परक्या सत्ताधीशाशी निष्ठा ठेवणाऱ्यांना लॉक सहिष्णुतेच्या बाहेर ठेवतो. त्याचा रोख रोमकडे आहे. नास्तिकांनाही तो बाहेर ठेवतो, कारण त्यांच्या शपथेवर विश्वास ठेवता येत नाही असे त्याला वाटते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये झालेल्या सहिष्णुतेच्या कायद्यातही कॅथलिकांना जागा नव्हती. त्यांना पार्लमेंटात बसता येण्यासाठी १८२९ साल उजाडावे लागले. म्हणजे युरोपची सहिष्णुता ही त्या लोकांची उपजत वृत्ती नव्हती. ज्यांना वगळले होते त्यांनी दार ठोठावत ठोठावत ती इंचाइंचाने मिळवली.

परंतु लॉकची खरी मर्यादा या पत्रात दिसतच नाही. ती पाहायची तर अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीसाठी १६६९ साली तयार झालेली मूलभूत घटना वाचावी लागते. तिच्या मसुद्याच्या कामात लॉकचा सहभाग होता. तिच्यात गुलामाला स्वतःच्या पसंतीच्या चर्चमध्ये जाण्याची मोकळीक आहे. आणि त्याच कलमांत असेही बजावले आहे की, त्यामुळे मालकाची सत्ता रतीभरही कमी होत नाही. गुलामाचे मत वा धर्म कोणताही असो, मालकाचा त्याच्यावर पूर्ण अधिकार राहील. म्हणजे आत्म्याला सहिष्णुता आणि देहाला साखळी! सहिष्णुता आणि गुलामगिरी एकाच कागदावर, एकाच शाईने लिहिता येतात, हे या दस्तऐवजाने सिद्ध केले.

आता आपल्याकडे वळू. षड्दर्शने नांदली, वाद झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो वाद कोणाकोणात झाले हा. ज्याच्या कानावर वेद पडला तर कानात तप्त रस ओतावा असे गौतमधर्मसूत्र सांगते, तो या वादसभेत कोठे होता? आणि सभेत जे होते त्यांचे तरी काय झाले? लोकायतांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचे विचार आपण प्रामुख्याने त्यांच्या विरोधकांनी खंडनासाठी केलेल्या मांडणीतून वाचतो. महाभारताच्या शांतिपर्वात युधिष्ठिराला तोंडावर दोष देणारा चार्वाक ब्राह्मणांच्या हुंकाराने जळून मरतो आणि कथा त्याला राक्षस ठरवून मोकळी होते. जिनीव्हाने जाळलेल्या माणसाचे नाव, तारीख आणि आरोपपत्र राहिले. त्याच्या बाजूने लिहिलेला ग्रंथही राहिला. आपल्याकडे जाळणे पुराणकथेत गेले आणि जळालेल्याची बाजू नाहीशी झाली.

यावर संतपरंपरेचे उदाहरण दिले जाईल. ते जरूर द्यावे. चोखोबांचे अभंग वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गायिले. पण पंढरपुरात चोखोबांची समाधी आहे ती मंदिराच्या पायरीशी. ज्या जातीत ते जन्मले त्या जातीच्या माणसाला विठ्ठलाचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यानंतर. अभंग आत गेला, अभंगकर्ता बाहेर राहिला. आपल्याकडील सहिष्णुतेचे स्वरूप याहून नेमके कशातून दिसेल?

लॉकच्या युरोपात नको होता तो विचार. विचार सोडला की माणूस सुटत असे. सर्व्हिटसने मत मागे घेतले असते तर तो वाचू शकला असता. येथे आधी माणूसच नको आहे, आणि माणूसपण नाकारलेल्याला मागे घेण्यासारखे काहीच नसते. लॉक म्हणतो, चर्चमध्ये कोणी जन्मत नाही. जातीत मात्र माणूस जन्मतोच आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा दरवाजा नाही. म्हणून लॉकचे पत्र जसेच्या तसे भारताला लागू करणाऱ्या अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही. मतामतांतील भांडण मिटवण्याचे औषध तो स्पर्शास्पर्शाच्या रोगावर देत असतो.

या ठिकाणी जोतीराव उभे राहतात. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात निकामी झाल्यावर डाव्या हाताने लिहिलेल्या या पुस्तकात त्यांनी एक कुटुंब रेखाटले आहे. त्या घरातील स्त्रीला बौद्ध ग्रंथ वाचून पटला तर ती बौद्ध होईल. तिचा पती बायबल वाचून ख्रिस्ती होईल. मुलगी कुराण वाचून महंमदी होईल आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होईल. ही सर्व माणसे एकमेकांचा द्वेष न करता, एका घरात, एका निर्मिकाची लेकरे म्हणून प्रेमाने राहतील.

ही कल्पना भाबडी आहे असे काही जण म्हणतात. मला ती लॉकच्या पुढची वाटते, आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले असे की, लॉक दोन चर्चमध्ये भिंत घालून शांतता आणतो. प्रत्येकाने आपापल्या आवारात आपापली प्रार्थना करावी. जोतीराव ती भिंतच काढतात आणि चार धर्म एका चुलीभोवती बसवतात. ज्या समाजात धर्माचा सारा कारभार कोणाच्या हातचे खावे आणि कोणाशी सोयरीक करावी यावर चालतो, तेथे चूल हीच खरी कसोटीची जागा आहे. लॉकला चुलीचा विचार करण्याची गरज पडली नाही. जोतीरावांना ती टाळता आली नाही.

दुसरे असे की, धर्म निवडणाऱ्यांत येथे स्त्री आहे, मुलगी आहे. पतीचा धर्म तो पत्नीचा, बापाचा तो लेकीचा, हा नियम येथे मोडला आहे. तिसरे, हे सर्व जण वाचून निवडतात. ज्यांना अक्षर वर्ज्य होते त्यांच्या वतीने लिहिणारा माणूस धर्म जन्मावरून उचलून वाचनावर आणून ठेवतो. लॉकचे तत्त्व, की धर्मसंस्थेत कोणी जन्मत नाही, जातीच्या देशात प्रत्यक्षात आणायचे तर घर कसे असावे लागेल, त्याचे हे चित्र आहे.

या ग्रंथाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. जोतीरावांचा सारा डोलारा निर्मिकावर उभा आहे. लॉकने नास्तिकाला उघडपणे वगळले, जोतीरावांनी त्याचा वेगळा विचार केला नाही. परंतु त्यांच्या घरात बौद्ध स्त्री आहे, आणि बुद्धाच्या धम्मात निर्मिकाला स्थान नाही. सिद्धांताने जे दार उघडले नाही ते दृष्टांताने उघडले, असे म्हणता येईल. ग्रंथात ब्राह्मणी शास्त्रांवर कठोर प्रहार आहेत म्हणून तो असहिष्णू, हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. पोथीची चिकित्सा करणे आणि माणसाला पाणवठ्यावरून हाकलणे या एका तराजूत घालण्याच्या गोष्टी नव्हेत.

ही सरमिसळ मुद्दाम केली जाते, याची दोन उदाहरणे पुरेत. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. मंडळातील लोक सुधारक होते. जात मोडावी हे त्यांना मान्य होते, पण जातीला आधार देणाऱ्या शास्त्रांचे प्रामाण्यच मोडले पाहिजे, हे भाषणात वाचताच त्यांनी मजकूर बदलण्याची मागणी केली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्या भाषणाचा प्रतिवाद केला, पण ते नाकारण्यात मंडळाची चूक झाली असेही लिहिले. विरोधकाने जे ओळखले ते मित्रांना ओळखता आले नाही. त्यांना माणूस खुर्चीवर चालत होता, त्याचा विचार चालत नव्हता.

दुसरे उदाहरण ‘रिडल्स इन हिंदुइझम’चे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या या खंडातील राम आणि कृष्ण यांवरील परिशिष्टाविरुद्ध गदारोळ झाला आणि शासनाने पाऊल मागे घेतले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर या मजकुराशी शासन सहमत आहे असे नाही, अशी टीप घालून परिशिष्ट कायम राहिले. पण मोर्चानंतर हुतात्मा चौकाचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, हे विसरता येत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे असेच शुद्धीकरण झाले होते. मुद्दा ग्रंथाचा होता, उत्तर पाणी शिंपडून दिले गेले. एकसष्ट वर्षांत विचार छापण्याइतपत सहिष्णुता आली, पण विचार मांडणाऱ्याच्या पायांचा विटाळ गेला नाही.

भारतीय संविधानाने हे ओळखले होते. अनुच्छेद २५ सदसद्‌विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य देतो. हा लॉकचा वारसा. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. लॉकच्या पत्रात याची जागा नाही. मूलभूत हक्कांच्या एकाच भागात ही दोन्ही कलमे आहेत, आणि दुसऱ्यावाचून पहिले म्हणजे कॅरोलायनाची घटना आहे, हे आपण विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते घरच्यांपासून लपवून. लिहून झालेले पुष्कळ वर्षे झाकून ठेवले. पुस्तक आले १९८६ साली. त्यात गावाने वस्तीवर केलेला अन्याय आहे, तसा वस्तीने सुनांवर केलेला जुलूमही आहे. तो भाग आपल्यातील अनेकांना नकोसा वाटतो. चळवळीची बदनामी होते, शत्रूच्या हाती कोलीत मिळते, असे म्हटले जाते. लाहोरच्या मंडळाची भाषा याहून फार वेगळी नव्हती. जोतीरावांच्या कुटुंबातील स्त्रीला बुद्ध वाचून स्वतःचे मत बनवता येते आणि ते उघड बोलता येते. आपल्या चळवळीतल्या, आपल्या घरातल्या बाईला वही लपवावी लागत असेल, तर आपण त्या घरात अजून राहायला गेलेलो नाही. प्रस्थापितांकडे सहिष्णुतेची भीक न मागता समतेचा हक्क मागण्याचा आपला अधिकार या एका गोष्टीवर अवलंबून आहे की, आपल्याला नकोसे वाटणारे सत्य बोलणाऱ्या आपल्याच माणसाला आपण काय उत्तर देतो.