वीण दिसते, चुणी हरवते

आजच्या मोठ्या व्हिडिओ गेममधल्या पात्राच्या कोटाजवळ कॅमेरा नेला, तर लोकरीचा तंतू न् तंतू दिसतो. ताणा-बाणा, शिवण, काजाची सैल झालेली टीप, सगळे जागच्या जागी असते. मग ते पात्र हात दुमडते आणि कोपरावरच्या चुण्या जशाच्या तशा राहतात. हात सरळ असतानाही त्या तिथेच होत्या. कापडाचा पोत दाखवण्यात गेममधली चित्रकला कमालीची पुढे गेली आहे. चुणीच्या बाबतीत मात्र ती मागे सरकली आहे, असे मला वाटते.

2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पात्राच्या अंगातला सदरा बहुधा थेट शरीराच्या आकृतीवरच रंगवलेला असे. उजेड, सावली, चुणीची धार, सारे चित्रकाराच्या हातचे. पिक्सेल मोजके, त्यामुळे कोणती चुणी ठेवायची आणि कोणती सोडायची हे ठरवावेच लागे. चुणी कशाने तरी ताणली जाते: खांद्याने, काखेने, कमरपट्ट्याने. तो ताण ज्याला उमगला, त्याच्या चार फटकाऱ्यांत रेशीम आणि घोंगडी यांतला फरक कळत असे. अमेरिकी चित्रकला-शिक्षक जॉर्ज ब्रिजमन यांनी चुण्यांचे सात प्रकार मांडले, ते याच ताणाच्या आधारावर. हाताने रंगवण्याच्या या पद्धतीचा दोषही उघड होता. रंगवून टाकलेली सावली गेममधल्या उजेडाप्रमाणे बदलत नसे.

त्याच वर्षीच्या ‘डूम 3’ने नॉर्मल मॅपची ताकद दाखवली. पृष्ठभागाचा प्रत्येक ठिपका कोणत्या दिशेला वळलेला आहे, याची नोंद त्यात असते. झेडब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवलेल्या लाखो बहुकोनांच्या शिल्पावरून ती उतरवून हलक्या आकृतीवर चढवता येते. पुढे मार्व्हलस डिझायनर हे सॉफ्टवेअर आले. त्यात शिंप्यासारखे बेतून तुकडे जोडले की संगणकच कापड अंगावर पाडतो. 2012 मध्ये डिस्नेने मांडलेल्या प्रकाशगणितात कापडाच्या कडेवर उमटणाऱ्या मऊ चमकेसाठी वेगळी सोय होती. 2014 मध्ये पोत रंगवण्यासाठी सब्स्टन्स पेंटर हे सॉफ्टवेअर आले. 2015 च्या ‘द ऑर्डर: 1886’साठी तर खऱ्या कापडाचे नमुने स्कॅन केले गेले आणि त्यातले लोकरी कोट आजही पाहत राहावेत असे आहेत.

पण पोत एकदा तयार केला की शंभर पात्रांना लावता येतो. चुणीचे तसे नाही. ती त्या देहाची, त्या हालचालीची असते. संगणकाने पाडलेले कापड सगळीकडे सारखेच चुरगळते आणि घाईतला कलाकार त्यातले काही पुसत नाही. शिवाय ही चुणी हात फाकवून उभ्या असलेल्या आकृतीवरून उतरवलेली असते. हालचालीनुसार नॉर्मल मॅप बदलण्याचे तंत्र उपलब्ध आहे, पण ते मुख्यतः चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी वापरले जाते.

न शिवलेल्या वस्त्रापुढे ही अवजारे अधिकच अडखळतात. साडीच्या निऱ्या म्हणजे एकमेकींवर टेकलेले पातळ थर. संगणकात ते एकमेकांत घुसतात, म्हणून निऱ्यांचा एक घट्ट आकार करून वरून काठ रंगवतात. ती साडी पत्र्यासारखी दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम आणला, तेव्हा पहाडी चित्रशैलीच्या वळणाने हाताने रंगवलेले पोत निवडले. कॅमेरा दूर ठेवणाऱ्या त्या खेळाला हा निर्णय शोभला. जवळून पाहता येईल अशी, चालताना ओच्यापासून घोट्यापर्यंत ताण बदलणारी नऊवारी मात्र मी अजून कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोरीवरचे धोतर, खुर्चीवर टाकलेली साडी, बसलेल्या माणसाचा गुडघा पेन्सिलने काढावा. आणि स्टुडिओंनी त्या सरावाचे तास पगारी कामात धरावेत.