पोटाकडून पाहावा असा जबडा

पूर्ण तोंडाचं काम झालेला माणूस हसून दाखवतो आणि आपण वरचे पुढचे सहा दात बघून ‘छान झालंय’ म्हणतो. त्या सहा दातांवरून मात्र या कामाची पारख होत नाही. एकही दात न उरलेल्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू रोवून त्यांवर सबंध ओळ उभी करतात, तेव्हा कारागिराचं खरं कसब खालच्या अंगाला असतं, हिरडीकडे तोंड करून. ते रुग्णाला दिसत नाही आणि आरशालाही दिसत नाही. म्हणून असं काम हातात आलं की मी ते आधी उलटं करतो.

लॅबमधून आलेला एक खालचा जबडा घेऊ. घोड्याच्या नालासारखा वाकलेला, बारा दातांचा. ‘बत्तिशी परत आली’ असं लोक म्हणतात खरं, पण अशा कामात एका जबड्याला बहुधा बाराच दात देतात, म्हणजे पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत. त्यामागे अडतो तो टेकूचा प्रश्न. शेवटच्या स्क्रूच्या मागे जितके दात लोंबते ठेवाल तितका प्रत्येक घासाला तिथे ताण येतो. मागची एक दाढ सोडून देणं हा या रचनेतला पहिला संयम. चारी बाजूंनी भरगच्च, चौदा दातांचं लोंबतं काम पाहिलं की मला करणाऱ्याच्या उत्साहापेक्षा घालणाऱ्याची काळजी जास्त वाटते.

आता पोट. साध्या कवळीचं पोट खोलगट असतं, कारण तिला हिरडीच्या उंचवट्यावर बसून तिथेच धरून राहायचं असतं. स्क्रूवर उभ्या असलेल्या या जबड्याला हिरडीचा आधार नको. त्यामुळे त्याचं पोट बाहेरच्या अंगाला फुगीर आणि काचेसारखं घासून गुळगुळीत केलेलं हवं. बोट फिरवलं तर कुठेही खाच लागता कामा नये. खोलगट राहिलं तर त्या पोकळीत अन्न साचतं, कुठलाही ब्रश तिथवर पोचत नाही, स्क्रूभोवतीची हिरडी सुजते आणि हळूहळू आतलं हाड झिजायला लागतं. फुगीर पोटाखालून मात्र जाड धागा किंवा बारीक ब्रश या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ निघतो. पाच मिनिटांचं जास्तीचं पॉलिश वाचवलेलं काम पुढची पाच वर्षं कुरकुरत राहतं.

ही पारख मी विवळवेढे डोळ्यांसमोर ठेवून करतो आहे, आणि ते मुद्दाम. डहाणूची महालक्ष्मी या गावात, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगत; पलीकडे मुसळ्या डोंगर, आणि चैत्र पौर्णिमेपासून भरणारी यात्रा. यात्रेला वारली, मल्हार कोळी, कोकणा अशा सगळ्या आदिवासी जमातींचे लोक येतात, तसे गुजरातकडूनही येतात. मुंबईच्या दवाखान्यात बसून ‘दर सहा महिन्यांनी या’ म्हणणं सोपं असतं. इथल्या माणसाला एका खेपेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून घरच्या घरी, मोरीपाशी उभं राहून, एका साध्या ब्रशने जे स्वच्छ राहील ते काम इथे चांगलं. भिंतीला प्लग लावून पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र असेल तर उत्तमच, पण त्या यंत्राच्या भरवशावर पोटाचा आकार ठरवू नये.

स्क्रू आणि हाड यांची जी गाठ पडते, तिच्यावर या सगळ्या कामाचा जीव आहे. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1952 च्या सुमारास लुंड इथे सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली होती. रक्तप्रवाह पाहण्यासाठी ती होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिच्याशी एकजीव झालं होतं. दुसऱ्या कुणी वैतागून ती कुपी फोडून काढली असती; ब्रोनेमार्क यांनी त्या चिकटण्यालाच विषय केलं. 1965 मध्ये गोथेनबर्गमध्ये गोस्टा लार्सन या पहिल्या माणसाच्या खालच्या, दात नसलेल्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते स्क्रू त्यांच्या जबड्यात काम करत होते. चाळीस वर्षांहून अधिक! एक दात गेलेल्यांची सोय म्हणून ही विद्या निघालेली नाही, तर सगळेच दात गेलेल्यांसाठी निघाली, हे आज एका-एका दाताच्या जाहिरातींत विसरलं जातं.

हाडाशी वागताना घाई चालत नाही. भोक पाडताना हाड 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होऊ शकते. म्हणून ड्रिलवर सारखं सलाईनचं गार पाणी सोडतात, आणि बारीक ड्रिलपासून जाड ड्रिलपर्यंत टप्प्याटप्प्याने जातात. जुन्या शिस्तीत खालच्या जबड्याला तीन महिने, वरच्या मऊ हाडाला सहा महिने विश्रांती द्यायचे. आता त्याच दिवशी तात्पुरते दात देण्याची रीत रुळली आहे. स्क्रू हाडात पुरेसा घट्ट बसला असेल तर ती रीत योग्यच आहे. पण त्या तात्पुरत्या दातांनी पहिले काही महिने मऊ भात, पेज, पिकलेला चिकू यांवर भागवायचं असतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दातांची रजा चालू असताना खायला याहून चांगलं फळ मला तरी सुचत नाही.

उलटा धरलेला जबडा अजून खाली ठेवू नका. मागची दोन भोकं तिरकी दिसतात ना? ती चूक नाही. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस उपदाढांच्या आसपास हाडातून बाहेर येते. तिच्या मागे, दात पडून अनेक वर्षं झालेल्या माणसात, स्क्रू रोवण्याइतकी उंची बहुधा उरतच नाही. लिस्बनचे पाउलो मालो यांनी मागचे स्क्रू नसेच्या पुढेच रोवून मागे झुकवले. पाय नसेच्या अलीकडे, डोकं तिच्या पलीकडे. त्यामुळे टेकू मागे सरकतो आणि लोंबता भाग आखूड होतो. खालच्या जबड्याचं हे काम त्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलं, वरच्या जबड्याचं 2005 मध्ये. वरच्या जबड्यात नसेच्या जागी सायनसची पोकळी असते, आणि युक्ती तीच. तिरपेपणातला हा शहाणपणा मला फार आवडतो: हाड जिथे आहे तिथेच जायचं, नाही तिथे ओढूनताणून भर घालायची नाही.

दात नसलेलं हाड झिजतं ते वर्षानुवर्षं. टॉलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा 1972 मध्ये मांडला. त्यात पुढच्या भागात खालच्या जबड्याच्या हाडाचा उंचवटा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला आढळला. म्हणून तर आजी म्हणते, ‘वरची कवळी बसते, खालची नाचते.’ हे तिच्या तोंडाचं लक्षण आहे, कवळी करणाऱ्याचा दोष दर वेळी नसतो.

मग येते बसण्याची परीक्षा. चार स्क्रूंवर आतला धातूचा सांगाडा बसवायचा, एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाकडे बघायचं. तिथे केसाएवढी फट उघडली तर सांगाडा ताणाखाली बसतो आहे. चारही स्क्रू जोर लावून आवळले की फट दिसेनाशी होते. ताण मात्र राहतो, आणि कधीतरी स्क्रू सैल होऊन किंवा तुटून तो बाहेर येतो. चांगला कारागीर तिथेच सांगाडा कापतो, तोंडातच नव्याने जोडून माप घेतो आणि लॅबला परत पाठवतो. रुग्णाला यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त एक जादा खेप पडते. त्या खेपेबद्दल कुणी कुरकुर करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता जबडा सुलटा करू. रंग आधी. साठीच्या माणसाला दुधासारखे पांढरे, अठराव्या वर्षाच्या धारेचे पटाशीचे दात देणं हा मला रसभंग वाटतो. झिजलेली कड, सुळ्याचं बोथट टोक, मानेशी किंचित पिवळी झाक, एक दात शेजाऱ्यावर जरासा चढलेला, इतकं आलं की तोंड त्या माणसाचं दिसतं. याहून अवघड हिरडी. बाजारातली गुलाबी छटा गोऱ्या तोंडांवर बेतलेली. आपल्याकडच्या कित्येक हिरड्या तपकिरी-जांभळ्या असतात, ठिपक्या-ठिपक्यांनी. आरशासमोर ओठ वर केला आणि खऱ्या हिरडीपाशी एकदम फिकट गुलाबी रेघ सुरू झाली की सगळं काम परकं दिसतं. ज्या तंत्रज्ञाने हिरडीत तपकिरी छटा हाताने मिसळल्या आहेत, त्याच्या कामाला मी निम्मे गुण तिथेच देतो.

बोलण्याची परीक्षा मेणाच्या ट्रायलच्या वेळी होते, आणि तिथे आमच्या गावांची नावं कामी येतात. पाठ्यपुस्तकं इंग्रजी आकडे म्हणायला लावतात. विवळवेढ्याच्या आजीला ‘फिफ्टी-फाइव्ह’ म्हणायला सांगून काय मिळणार? तिला गावाचं नाव विचारावं. विवळवेढे म्हणताना तीन वेळा खालचा ओठ वरच्या पटाशीच्या कडेला हलकेच भेटतो. दात लांब झाले असतील तर ओठ अडखळतो, आखूड असतील तर तो वरच्या ओठालाच जाऊन मिळतो आणि ‘व’ चा ‘ब’ होऊ लागतो. ‘ळ’ आणि ‘ढ’ ला जीभ मागे वळून टाळूला लागते. वरच्या कामाची आतली बाजू जाड झाली असेल तर तिला वळायला जागा उरत नाही. मग तलासरी म्हणायला सांगावं. ‘त’ ला जीभ वरच्या दातांच्या पाठीला टेकते, आणि ‘स’ ला वरच्या-खालच्या दातांत मिलिमीटरभराची फट राहते. फट वाढली तर शिट्टी वाजते, मिटली तर दात दातांवर आपटतात. ‘चांगलं’ मधला दंत्य ‘च’ नीट निघाला तर पुढच्या दातांची जागा जमली, असं मी धरून चालतो. याबरोबरच तोंड मिटून स्वस्थ बसल्यावर वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा राहते की नाही हे बघायचं. ती नसेल तर माणूस दिवसभर दात चावून बसल्यासारखा थकतो.

आता खाणं. नाचणीची भाकरी, भाजलेला सुका बोंबील. बोंबील पुढच्या दातांनी तोडताना साधी कवळी मागून उचलली जाते, स्क्रूवरचा जबडा हलत नाही. कवळीवाल्याची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. स्क्रूवर त्यातली बरीच परत मिळते. एक गोष्ट मात्र परत मिळत नाही. खऱ्या दाताभोवती तंतूंचा मऊ पाळणा असतो, त्यामुळे वीस-एक मायक्रॉनची जाडीसुद्धा दातांत जाणवते. स्क्रूवर ती जाणीव पन्नासच्या आसपास येते. भाकरीतली कच आधी लागायची, आता जरा उशिरा लागते, तोवर जोर बसून गेलेला असतो. वर-खाली दोन्हीकडे झिर्कोनियाचे, म्हणजे चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचे, दात असतील तर टक्‌टक् आवाज येतो आणि काही जणांना जेवताना तो फार खटकतो. अशा वेळी एका जबड्याला अ‍ॅक्रिलिक ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. ते झिजेल, तुटेल, पण दुरुस्त होईल. झिर्कोनिया फुटला तर बहुधा पूर्ण जबडाच नव्याने करावा लागतो.

इतकं सगळं आवडूनही मी सांगतो: दोन्ही जबड्यांचं हे काम लाखांत जातं, आणि मिश्री-तंबाखू सुटलेली नसेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर त्यातला बराच पैसा हिरडीच्या सुजेत जातो. 2002 मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय म्हणून दोनच स्क्रू आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी सुचवली. नाचणारी खालची कवळी त्या दोन स्क्रूंवर स्थिर होते, रात्री काढून पाण्यात ठेवता येते, धुवायला सोपी. बारा दातांच्या नालापुढे ती दिसायला साधी आहे. पण विवळवेढ्यात, अशा तोंडात, अशा खर्चात, मी तिलाच सरस ठरवतो.

दोन्हींतलं काहीही असो, रुग्णाच्या हातात एक कार्ड द्यायलाच हवं. स्क्रूची कंपनी, जाडी, लांबी, बसवल्याची तारीख, कुठल्या जागी कुठला. प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा असतो. वरची भोकं नळाला गुंडाळतात त्याच पांढऱ्या टेफ्लॉन टेपने आणि त्यावर दाताच्या रंगाच्या थराने बंद केलेली असतात, त्यामुळे बाहेरून काहीच ओळखू येत नाही. दहा वर्षांनी एखादा स्क्रू सैल झाला तर डहाणूतल्या किंवा कासातल्या डॉक्टरला तो जबडा उघडता यावा. हे कार्ड आधारकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच्यासोबत ठेवायला सांगावं, आणि घरातल्या एखाद्या तरुणाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घ्यावा.