रासायनिक जंतुनाशके आणि जिवाणूंचे बीजाणू : मुल्कोवाल प्रकरणाच्या संदर्भात एक चिकित्सा

रासायनिक जंतुनाशकांच्या परिणामकारकतेचा विचार करताना 'वाढ रोखणे' आणि 'नाश करणे' या दोन क्रियांतील भेद मूलभूत ठरतो. बॅसिलस व क्लॉस्ट्रिडियम या प्रजातींतील जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणू तयार करतात. जाड आवरणे व गाभ्यातील अत्यल्प पाणी यांमुळे हे बीजाणू बहुतेक रसायनांना दाद देत नाहीत. हा भेद नजरेआड झाल्यास काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात आढळते.

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ही लस परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. कार्बोलिक आम्ल वगळून उष्णतेवर विसंबण्याचा बदल त्यास आक्षेपार्ह वाटला. मात्र मुल्कोवाल येथे बाटली उघडण्यापूर्वी चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांनंतर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले.

आयोगाच्या आक्षेपात अंशतः तथ्य होते. लसीत मिसळले जाणारे अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल बाटलीतील जिवाणूंची वाढ रोखू शकते. परंतु धनुर्वाताच्या बीजाणूंचा नाश ते करू शकत नाही. बीजाणूंपुढे हे आम्ल दुर्बळ ठरते, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्येच दाखविले होते. कॉख यांना प्रभावी वाटलेल्या मर्क्युरिक क्लोराइडचेही मूल्यमापन पुढे बदलले. बीजाणूंना चिकटून राहिलेले रसायन निष्प्रभ केल्यावर ते पुन्हा वाढतात, असे गेपर्ट यांनी १८८९ मध्ये सिद्ध केले.

आजच्या परीक्षणपद्धतींकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. १९०३ ची रीडील-वॉकर कसोटी विषमज्वराच्या जिवाणूवर आधारलेली आहे आणि तो बीजाणू तयार करीत नाही. त्यामुळे तिच्यावरून ठरणारा फिनाईलचा गुणांक बीजाणूंबाबत काहीच सांगत नाही. अल्कोहोलही बीजाणूनाशक नाही. दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडला त्यासाठी सुमारे दहा तास लागतात. याउलट ऑटोक्लेव्हमधील १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेस सुमारे पंधरा मिनिटे पुरतात.

लातूर परिसरास हा प्रश्न परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीची घरे कोसळली. मातीने माखलेल्या खोल जखमेत धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात. तेथे जंतुनाशकाचा लेप हा जखमेच्या स्वच्छतेस व धनुर्वातप्रतिबंधक लसीस पर्याय ठरत नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही केवळ वाढ न दिसण्यावरून बीजाणू नष्ट झाल्याचा निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे. रसायन निष्प्रभ करून पुन्हा केलेले संवर्धन हा अशा प्रत्येक प्रयोगाचा अनिवार्य भाग असावयास हवा.